साडेपाचचं पाणी

पोखरण दोनवर रिक्षा सोडली तेव्हा पाच वाजून दहा.
मार्गशीर्षातली थंडी, ठाण्याला झेपते तेवढी,
म्हणजे एक स्वेटर, आणि त्याची थोडी लाजही.
हाताला अजून स्पिरिटचा वास.
पायांत बारा तासांचा वॉर्ड.

गेटवर कुणी नव्हतं.
सगळे टाकीपाशी होते:
झाकण बाजूला सरकवलेलं,
चौकोनी काळोखाभोवती मफलर, शाली, एक टॉवेल,
आणि मोबाइलचा उजेड खाली सोडलेला
पोहऱ्यासारखा.

काल गुरुवार. घरोघरी घट, आणि नळाला पाणी बंद.
म्हणून टाकी उपसून, घासून कोरडी ठेवलेली.
त्या ब्लीचिंगच्या वासाच्या तळाशी
आधी एक शेपूट दिसली.
मग दोन डोळे पेटले.

"मांजर आहे," डिंगणकर म्हणाले, खजिनदार.
"घूस असेल," पहिल्या मजल्याची खिडकी.
जानू उंबरसाडा वाकून बघत राहिला.
तो येऊरच्या पाड्यावरून सायकलने येतो, जिने पुसायला,
पाठीवर दव घेऊन.
"कांडेचोर," म्हणाला. "पिल्लू हाय.
आई जांभळीवर असंल. आपन जायची वाट बघत."
आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.
जांभळीनं काही सांगितलं नाही.

साडेपाचला पाणी येणार.
येतं ते पाऊण तास, आणि कुणासाठी थांबत नाही.
डिंगणकरांनी घड्याळ पाहिलं.
बहात्तर फ्लॅट, काल दिवसभर बादलीवर काढलेले.
त्यांच्याकडे आज पुतणीचं केळवण, अठरा पानं.
त्यांनी कॉक फिरवला, बंद केला.
"वीस मिनिटं," म्हणाले. "वीसच."

जानूनं मंडपाचा उरलेला बांबू आणला.
गोणपाट गुंडाळलं, सुतळीनं, घाई न करता,
आणि तिरका सोडला.
पिल्लू आणखी कोपऱ्यात गेलं.
आम्ही वाकलो. उजेड वाकला.
"बघू नका," जानू म्हणाला.
"मानूस बघत असला की त्ये चढत नाय."

बत्त्या घालवल्या.
नऊ माणसं भिंतीकडे तोंड करून,
शाळेत शिक्षा झाल्यासारखी.
मी रात्रभर बघतच होते:
बेड सातचा आकडा, ब्याण्णव, एक्क्याण्णव, पुन्हा ब्याण्णव,
डोळा लागला तर तो घसरेल अशा समजुतीनं.
आता न बघण्यानं मान दुखत होती.

पाइपात हवा खोकली.
कुणीतरी शिंकलं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं, अंधारात.
मग गोणपाटावर नखं.
थांबली.
पुन्हा.
जुनं लुगडं कुणी लांब कुठेतरी फाडतंय तशी.

आणि एकदम भाताचा वास आला.
आंबेमोहोर उतू जाताना येतो तो.
एवढ्या पहाटे कोण भात लावतंय
म्हणून मी चुकून वळले,
तर माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर
एक ओलं नाक.
त्यानं माझ्या पायाचा वास घेतला.
हॉस्पिटल त्याला आवडलं नसावं.
भिंत, पाइप, जांभूळ.
वर एक फांदी खाली झुकली,
मग थोडी आणखी.

"कांडेचोराला भाताचा वास येतो," जानू म्हणाला,
सुतळी सोडवत. "लहानपनी भूक लागली की आमी..."
आणि वाक्य तिथेच ठेवून
बादली घेऊन ए विंगकडे गेला.

कॉक उघडला.
कोरड्या टाकीत पाणी पडताना
थोडा वेळ भांड्यासारखं वाजलं, मग मुकं झालं.
सातव्या मजल्यानं विचारलं, उशीर का?
"पाइपानं हवा धरली होती," डिंगणकर म्हणाले.

घरी आले. झोपायचं होतं.
मूठभर तांदूळ धुऊन गॅसवर ठेवला, आंबेमोहोर नव्हता, साधाच.
बेड सातचं काय झालं विचारायला
फोन हातात घेतला.
परत ठेवला.
ओट्याकडे पाठ करून
झाकण न उघडता
उभी राहिले, भात होईस्तोवर.